वाचकांचे प्रश्न : ड्राफ्टमध्ये मागे पडलेल्यांचं काय होतं?

प्रश्न : एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये नाव आलंच नाही, किंवा पार तळाला आलं, तर आइस हॉकीपटूची कारकीर्द तिथेच संपते का? आणि खेळ सुटल्यावर या लोकांचं पुढे काय होतं?

उत्तर : संपत नाही. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी आइस हॉकी लीग, आणि तिचे संघ दरवर्षी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. दोन मित्रांचीच गोष्ट सांगतो.

नव्वदच्या दशकात व्हरमाँट विद्यापीठाच्या एकाच संघात दोघं खेळत होते. फॉरवर्ड मार्टिन सेंट लुई आणि गोलकीपर टिम थॉमस. सेंट लुईची उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे या धसमुसळ्या खेळात अगदीच कमी. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. पुढे कॅल्गरीच्या संघाने करार केला आणि २००० साली सोडूनही दिलं. मग टँपा बेने घेतलं. २००४ च्या हंगामात लीगमधले सर्वाधिक ९४ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) त्याचे, सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक त्याचा, आणि लीगचं विजेतेपद म्हणजे स्टॅनली कप त्याच्या संघाचा.

थॉमसचं नाव १९९४ मध्ये आलं खरं, पण २१७व्या क्रमांकावर. मग फिनलंड, स्वीडन, दुय्यम लीग अशी वर्षानुवर्षं वणवण. बॉस्टनच्या गोलमध्ये त्याचा जम बसला तेव्हा तिशी उलटली होती. गोलकीपर उशिरा पिकतो, असं माझं ठाम मत आहे. हेन्रिक लुंडक्विस्टही २०५वा होता, आणि त्याने पुढे ४५९ सामने जिंकले.

थॉमसची २०११ ची स्टॅनली कपची अंतिम मालिका मी विसरूच शकत नाही. लोळण घेऊन, हात-पाय पसरून, मिळेल त्या अंगाने पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, अडवायचा. तिसऱ्या सामन्यात हवेत उडालेला पक पकडायला व्हँकुव्हरचा हेन्रिक सेडिन गोलसमोर आला, तर थॉमसने पुढे झेपावून त्यालाच आडवा केला! गोलकीपरने असं करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सात सामन्यांत त्याने २३८ फटके अडवले, फक्त ८ गोल दिले. सातव्या सामन्यात तर एकही नाही. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सेंट लुई निवृत्तीनंतर स्वतःच्या मुलांच्या संघांना शिकवत होता. २०२२ मध्ये तो थेट मॉन्ट्रियलचा मुख्य प्रशिक्षक झाला. कारकिर्दीनंतर सगळ्यांचं असंच व्हावं, असं फार वाटतं.

थॉमसच्या वाट्याला वेगळंच आलं. २०१३ च्या डिसेंबरात सरावात डोक्याला मार बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर काय खायचं, कुठे जायचं, हेसुद्धा त्याला ठरवता येईना. संघाचं वेळापत्रक होतं, त्याच्यामागे जात त्याने तो हंगाम कसाबसा काढला. पुढे तपासणीत निघालं की मेंदूच्या दोन-तृतीयांश भागाला पाच टक्क्यांहूनही कमी रक्त पोचतंय. हे त्याने स्वतः २०१९ मध्ये, अमेरिकेच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला त्या वेळी सांगितलं. मैदान सोडल्यावर बराच काळ त्याला हॉकीचा सामना नुसता पाहणंही जमत नव्हतं. खेळाच्या वेगाला मेंदू पुरा पडत नव्हता.