आई-बाबांना घेऊन सात दिवस आर्मेनियाला जातोय. जुने मठ आणि चर्च बघायचेत. आखणी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की यादीत चौदा मठ आहेत, आई-बाबा सत्तरीचे आणि शाकाहारी आहेत, आणि ख्रिस्ती धर्माबद्दल घरात कुणालाच फारशी माहिती नाही. माझं पहिलं सांगणं हेच की यादी निम्मी करा.

मी गेलो होतो तेव्हा एका दिवसात चार मठ केले. रात्री फोटो बघायला बसलो तर कुठला घुमट कुठला ते आठवेना. तिथली चर्च बाहेरून एकमेकांसारखीच दिसतात: दगडी भिंती, वर शंकूसारखा टोकदार घुमट, आत अंधार, भिंतींवर चित्रं जवळजवळ नाहीत. नुसतं बघत गेलं की तिसऱ्या चर्चनंतर डोळे थकतात. दुसऱ्या खेपेला मी जागांचा क्रम गोष्टीप्रमाणे लावला, आणि तोच देश वेगळा वाटला.

गोष्ट अशी. आर्मेनियाने परंपरेनुसार इ.स. 301 मध्ये ख्रिस्ती धर्म राज्याचा धर्म म्हणून स्वीकारला, जगात सगळ्यांत आधी. त्यामागे दोन माणसं होती: राजा त्रदात तिसरा आणि ग्रिगोर. राजाने ग्रिगोरला त्याच्या श्रद्धेपायी 13 वर्षं एका खड्ड्यात कोंडून ठेवलं. पुढे राजाला वेड लागलं, ग्रिगोरने त्याला बरं केलं आणि राजाने बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. एवढं आई-बाबांना विमानातच सांगून ठेवा.

मग पहिल्या दिवशी चर्च नको, गार्नी बघा. हे ख्रिस्तपूर्व श्रद्धेचं मंदिर, पहिल्या शतकातलं, 24 खांबांचं. सूर्यदेव मिहर याचं ते मानतात. आपल्या वेदांतल्या मित्राचा हा नातलगच. 1679 च्या भूकंपात ते कोसळलं आणि 1969 ते 1975 मध्ये पुन्हा उभारलं गेलं. नव्या धर्माआधी तिथे काय होतं ते इथे कळतं. पुढे थोड्याच अंतरावर गेगार्द मठ आहे, पण ते त्याच दिवशी उरकू नका असं मी म्हणेन. शेवटच्या दिवसासाठी ठेवा.

दुसऱ्या दिवशी खोर विराप. नावाचा अर्थच खोल खड्डा, ग्रिगोरला कोंडलं तो हाच. छोट्या चॅपलच्या (प्रार्थनाघराच्या) जमिनीत एक भोक आहे, त्यातून जवळजवळ उभी लोखंडी शिडी सुमारे 6 मीटर खाली जाते. दोन्ही हातांनी गज धरून, पाठ मागच्या दगडाला घासत उतरावं लागतं. खाली हवा कोंदट आणि उबट, भिंती मेणबत्त्यांच्या काजळीने काळ्या. पाच मिनिटांत मला वर यावंसं वाटलं, आणि तेव्हा 13 वर्षं हा आकडा पहिल्यांदा खरा वाटला. आई-बाबांना मात्र खाली उतरवू नका. त्यांना तटापाशी बसवा, समोर आरारात दिसतो. 5137 मीटर उंच हा पर्वत आर्मेनियन माणसाच्या मनातला, पण आहे तुर्कस्तानात. सकाळी लवकर गेलात तर ढग नसण्याची शक्यता जास्त. त्याच रस्त्याने पुढे लाल कड्यांमधला नोरावांक मठ बघून होतो. तिथल्या चर्चच्या दर्शनी भिंतीवरच्या अरुंद पायऱ्या खालूनच बघा.

रविवार एचमियाद्झिनसाठी राखून ठेवा. राजधानी येरेवानपासून साधारण 20 किलोमीटर, आणि आर्मेनियन चर्चच्या प्रमुखांचं, कॅथलिकोसांचं पीठ इथेच. नावाचा अर्थ ‘एकमेव पुत्र (म्हणजे ख्रिस्त) इथे अवतरला’. रविवारी सकाळची उपासना, तिला पताराग म्हणतात, पूर्ण वेळ उभं राहून नाही तरी थोडा वेळ ऐकाच. तुमच्या आईला दारात चपला काढायची जागा सापडणार नाही. तिथे पादत्राणं घालूनच आत जातात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आईने ओढणी डोक्यावर घेतली तर उत्तमच. बाहेर पडणाऱ्यांकडे लक्ष द्या. कित्येक जण वेदीकडे पाठ न करता उलट्या पावलांनी मागे सरकत दारापर्यंत येतात. आपल्याकडे गाभाऱ्यातून निघताना आजी असंच करायची, म्हणून मला ते फार आपलं वाटलं.

येरेवानमध्ये मातेनादारान चुकवू नका. हे हस्तलिखितांचं भांडार. रविवार-सोमवारी बंद असतं, जायच्या आधी वेळ तपासून घ्या. मेस्रोप माश्तोत्सने 405 च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली आणि बायबल आर्मेनियनमध्ये आलं, हे इथे समजतं. मूश या गावचं प्रवचनांचं हस्तलिखित मुद्दाम शोधा. वजन सुमारे 28 किलो. 1915 मध्ये ऑटोमन तुर्कस्तानात झालेल्या आर्मेनियनांच्या संहारात दोन बायकांनी ते दोन भाग करून वाचवलं. एक भाग वाटेत पुरून ठेवला गेला, दुसरा एचमियाद्झिनपर्यंत पोचला. आज दोन्ही एकत्र आहेत. त्यानंतर त्याच संहाराच्या त्सित्सेर्नाकाबेर्द स्मारकाला जा, आणि त्या दुपारी दुसरं काही ठेवू नका. 24 एप्रिलच्या आसपास जाणार असाल तर तो तिथे स्मृतिदिन असतो, गर्दी प्रचंड असते.

हागपात-सानाहिन हे जोडमठ उत्तरेला, तातेव मठ दक्षिणेला. दोन्हींपैकी एकच निवडा. तातेवचा 5.7 किलोमीटरचा रोपवे वयस्कर माणसांना सोयीचा आहे, पण त्याच दिवशी येरेवानला परतणं त्यांना जड जाईल. तिकडे एक मुक्काम करा.

गेगार्द शेवटी का, तर बाकी सगळं बघून झाल्यावर तिथे काही समजून घ्यायचं उरत नाही, नुसतं बसता येतं. डोंगर पोखरून खोदलेल्या खोल्या, छतातल्या भोकातून पडणारा उजेड, आणि एका खोलीत खडकातून झिरपणारा झरा. लोक त्याचं पाणी बाटलीत भरून घरी नेतात.

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. व्हिसासाठी फक्त सरकारी संकेतस्थळ वापरा. मेणबत्त्यांसाठी सुटे द्राम (तिथलं चलन) जवळ असू द्या.

जेवणाची काळजी नको. उपवासकाळात तिथे मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात आणि ते नसलेल्या, उपवासाच्या पदार्थांना ‘पासुत्स’ म्हणतात. हॉटेलात हा शब्द उच्चारा. पासुत्स तोल्मा म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या डाळी आणि कडधान्यं, गारच वाढतात. आणि झेंग्यालोव हात्स मिळाली तर घ्याच: भरपूर चिरलेला पाला भरून तव्यावर भाजलेली पोळी, बाबांना नक्की आवडेल.