पाच लाखांची मेडिक्लेम आहेच, मग सुपर टॉप-अपचा जादा खर्च कशाला?

समुपदेशनात रिटायर्ड लोकांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, की पाच लाखांची पॉलिसी आहे, तिचाच प्रीमियम आता झेपेना, वर एजंट म्हणतो सुपर टॉप-अप (ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) पण घ्या, तर हा खर्च खरंच करायचा का. उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असतं, म्हणून एका जोडप्याची केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काका ६८, भोसरीच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर, काकू ६४, काकूंना डायबिटीस आणि बीपी. पेन्शन म्हणजे पीएफवाली, ती तीन हजारांच्या आत, बाकी घर चालतं एफडी आणि पोस्टातल्या सीनियर सिटीझन स्कीमच्या व्याजावर. दोघांची मिळून पाच लाखांची फ्लोटर, अकरा वर्षं न चुकता रिन्यू केलेली. यंदाची नोटीस आली ५२ हजारांची आणि काका ठरवूनच आले होते की पॉलिसी बंद करायची, तेवढे पैसे दरवर्षी बाजूला टाकायचे, "आणि ताई, सत्तरी झाली की सरकारचं कार्ड मिळतंच की." काकू काहीच बोलत नव्हत्या.

मी अशा वेळी आधी पॉलिसी उघडत नाही, भीती कसली आहे ते विचारते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून काका म्हणाले, दरवर्षी आकडा वाढतो, पंचाहत्तरीला एक दिवस भरता येणार नाही आणि आजवर भरलेलं सगळं पाण्यात जाईल, त्यापेक्षा आत्ताच थांबलेलं काय वाईट. ही भीती अजिबात खोटी नाहीये. नावापुरती पेन्शन असलेल्या, व्याजावर जगणाऱ्या माणसाला दरवर्षी वाढणारं बिल किती टोचतं ते मी रोज बघते. जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी असा नियम काढला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, म्हणजे थोडा दिलासा आहे. (जुन्या कंपनीच्या ग्रुप स्कीममध्ये असाल तर तिथे जीएसटी अजून लागतो, ते गृहीत धरा.)

पण पाण्यात गेलं म्हणतात ते मला मान्य नाही. अकरा वर्षांत काकांनी काय कमावलंय ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काकूंच्या डायबिटीसचा वेटिंग पीरियड (जुन्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) कधीच संपलाय, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी "तुम्ही अमुक आजार लपवला होता" म्हणून क्लेम नाकारू शकत नाही. पॉलिसी तोडली की हे सगळं गेलं, पुन्हा घ्यायला गेलात तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागणार, तेही कंपनीने घेतलं तर.

आणि सरकारी कार्ड. आयुष्मान वय वंदना कार्ड चांगलंच आहे, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी चालतं, आणि काका सत्तरचे झाले की पहिल्या आठवड्यात काढा असं मी सांगितलं. पण त्यात वर्षाला पाच लाख हे कुटुंबाला आहेत, योजनेत असलेल्याच हॉस्पिटलमध्ये चालतं, आणि काकूंना अजून सहा वर्षं आहेत. आजारी जास्त त्याच पडतात! हे वाक्य मी बोलले तेव्हा काकूंनी पहिल्यांदा मान वर केली.

आता टॉप-अप. काकांच्या डोक्यात होतं की टॉप-अप म्हणजे दुसरी पॉलिसी, म्हणजे दुप्पट खर्च. तसं नसतं, एका ठरलेल्या रकमेच्या वर खर्च गेला तरच ती पैसे देते, त्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात, म्हणूनच ती स्वस्त पडते. आणि इथे एक शब्द नीट वाचायचा, तो म्हणजे "सुपर". समजा काकू जूनमध्ये अॅडमिट झाल्या, बिल चार लाख, डिसेंबरमध्ये परत अॅडमिट, परत चार लाख. बेस पॉलिसी, म्हणजे आत्ताची पाच लाखांची, पहिले चार आणि नंतरचा एक देऊन संपली, राहिले तीन लाख. साध्या टॉप-अपमध्ये पाच लाखांचं डिडक्टिबल प्रत्येक अॅडमिशनला वेगळं मोजतात, दोन्ही बिलं पाचच्या आत म्हणून ती एक रुपया देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरते, आठ वजा पाच, तीन लाख तिने द्यायचे. म्हातारपणात एकच मोठं ऑपरेशन होऊन माणूस बरा होतो असं क्वचितच असतं, वारंवार अॅडमिट व्हावं लागतं, म्हणून मी ज्येष्ठांना साधी टॉप-अप घ्याच म्हणून सांगत नाही.

बेसचीच रक्कम वाढवून वीस-पंचवीस लाख करा असंही एकाने काकांना सुचवलं होतं. तो खर्च खूप जास्त होता, आणि वाढवलेल्या रकमेला वेटिंग नव्यानेच लागतं, त्यामुळे त्यात काही फायदा दिसेना. पाच लाख डिडक्टिबल आणि वर वीस लाख अशी सुपर टॉप-अप दोघांसाठी १९ हजारांत बसत होती.

मग हे १९ हजार आणायचे कुठून. बेसची नोटीस ओळीने वाचली तेव्हा त्यात हॉस्पिटल कॅश आणि अपघाताचं अॅड-ऑन मिळून सहा हजार निघाले, कधी काळी एजंटने जोडलेले, काकांना आठवतही नव्हते. ते काढले, बेस आली ४६ हजारांवर. टॅक्स वाचतो म्हणून जादा विमा घ्या हेही त्यांना सांगितलं गेलं होतं, पण काका नव्या रिजीममध्ये, तिथे ८०डी, म्हणजे मेडिक्लेमच्या प्रीमियमवरची टॅक्स सवलत, नाहीच, आणि त्यांच्या उत्पन्नावर टॅक्सच लागत नाही. टॅक्ससाठी विमा घ्यायचा नसतोच मुळात.

बंगळुरूचा मुलगा दर दिवाळीला "काय देऊ" विचारतो, असं काकू हळूच म्हणाल्या. काकांनी लगेच नाही म्हटलं. मी जोर केला नाही, स्वतःच्या पैशाने जगतोय ही गोष्ट त्या माणसाला उभं ठेवते आणि समुपदेशनात ती काढून घेऊन हिशेब बरोबर करण्यात मला अर्थ वाटत नाही. पण मुलाला माहिती द्यायला ते तयार झाले, पॉलिसीच्या पीडीएफ, टीपीएचा (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) नंबर, सगळं.

फॉर्म भरताना काका म्हणाले, डायबिटीस लिहिला तर महाग होईल, नको लिहायला. इथे मात्र मी हटून बसले. सगळं लिहिलं, कंपनीने तपासण्या मागितल्या आणि लोडिंग, म्हणजे आजारापोटी जादा प्रीमियम, लावून १९चे साडेएकवीस हजार केले. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला साडेसदुसष्ट हजार, महिन्याला ५,७०० ची आरडी लावली की रिन्यूअलच्या महिन्यात घाम फुटत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस असतात, पटली नाही तर परत करता येते, म्हणून ती आम्ही तिघांनी बसून वाचली.

दोन गोष्टी एजंट सहसा सांगत नाहीत. एक, दोन्ही पॉलिसींची तारीख शक्यतो एकच ठेवा, कारण डिडक्टिबलची बेरीज सुपर टॉप-अपच्या वर्षाप्रमाणे होते आणि तारखा वेगळ्या असल्या की जूनचं बिल एका वर्षात आणि डिसेंबरचं दुसऱ्या वर्षात जाऊन तुम्ही अडकता. दोन, मोठं बिल दिसायला लागलं की पहिल्याच दिवशी दोन्ही कंपन्यांना कळवा आणि पहिल्या कंपनीकडून सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या शिक्का मारलेल्या कॉपी घेऊन ठेवा, ओरिजिनल तिकडे जातात. शिवाय काकांच्या बेसमध्ये रूमची मर्यादा दिवसाला ५,००० आहे, त्याहून महागडी रूम घेतली की औषधं, इम्प्लांट, तपासण्या सोडून बाकीच्या बऱ्याच खर्चात त्याच प्रमाणात कपात होते, तेव्हा अॅडमिट होताना काउंटरवर आधी हे विचारायचं, हे काकूंनी पॉलिसीच्या कव्हरवर पेनाने लिहून ठेवलं.

सुपर टॉप-अपमध्ये काकूंच्या जुन्या आजारांना तीन वर्षं वेटिंग आहे. तोवर पाचच्या वर गेलं तर म्हणून तीन लाखांची एक एफडी वेगळी ठेवायची ठरली, ती काकांच्या एकट्याच्या नावावर होती. काकाच बेशुद्ध असले तर काकू ती मोडणार कशी, असं मी विचारलं. ते दोघं तिथूनच बँकेत गेले, काकूंचं नाव घालायला, आणि मुदतीआधी ती एकट्या काकूंच्या सहीने मोडता येईल का ते विचारायला.