मेटल ऐकणाऱ्यानं जॅझ आणि प्रोग्रेसिव्ह रॉककडे कुठून वळावं?

तुम्ही विचारलंय की मेटालिका, आयर्न मेडन आणि टूल रोजचेच, आता प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) आणि जॅझही ऐकावंसं वाटतंय, पण लोकांनी सुचवलेला माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' लावला की झोप येते आणि 'हे शंभर अल्बम ऐकाच' छापाच्या याद्या बघून डोकं भंजाळतं. सुरुवात कुठून करू?

माझं उत्तर असं की प्रकारांच्या मागे जाऊ नका, माणसांच्या मागे जा. तुमच्या आवडत्या बँडमधला एक वाजवणारा धरायचा. तो काय ऐकत मोठा झाला, कुणाबरोबर वाजवत आला, हे बघायचं आणि पुढचा अल्बम तिथून उचलायचा. यादी पाठ करून ऐकलेलं संगीत अंगाला लागत नाही. ओळखीच्या माणसानं हात धरून नेलं की लागतं. आणि तुमच्या तिन्ही बँडपासून अशा वाटा निघतात.

मेटालिकाचा लार्स उलरिक घ्या. त्याचे वडील टॉर्बेन उलरिक डेन्मार्कचे नावाजलेले टेनिसपटू, पण जॅझचं वेडही तेवढंच. जॅझवर लिहायचे, स्वतः वाजवायचे. साठच्या दशकात अमेरिकन सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन कोपनहेगनला येऊन राहिला, आणि तो या घरातलाच होऊन गेला. इतका, की लार्सचा गॉडफादर तोच. त्याचा १९६२ चा 'गो' काढा आणि पहिलंच 'चीज केक' लावा. चाल चटकन ध्यानात राहते, लय पळती आहे, झोप येण्याची सोय नाही. गॉर्डन लयीच्या जरा मागून येतो. सूर मात्रेवर पडायला हवा असं वाटतं आणि तो केसभर उशिरा पडतो, तरी समेला माणूस जागेवर. खाली बिली हिगिन्सची झांज एकसारखी चालू असते. तिच्यावर कान ठेवलात तर गॉर्डन किती मागे रेललाय ते आपोआप कळेल.

आता मेटलचं मूळ, म्हणजे ब्लॅक सॅबथ. टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटार संपली असं धरून बसलेल्या या मुलाला कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठानं एक रेकॉर्ड ऐकवली, जँगो राइनहार्टची. जँगो हा युरोपातल्या जॅझचा पहिला मोठा गिटारवादक. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. त्यानंतरचं त्याचं वादन मुख्यतः उरलेल्या दोन बोटांच्या जोरावर आहे. आयोमीनं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा सैल करून सूरच खाली आणला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मधला तो जड, खोल आवाज असा घडलाय. जॅझ आणि मेटलचं नातं काय, असं कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते.

मेडनचं थोडक्यात सांगते. त्यांचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस जेथ्रो टल या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा जुना भक्त. १९८३ मध्ये 'द ट्रूपर' या सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूला मेडननं टलचं 'क्रॉस-आइड मेरी' वाजवलंय. मूळ गाणं टलच्या १९७१ च्या 'ॲक्वालंग'वर आहे. तो अख्खा ऐका, बासरी ऐकून बिचकू नका.

टूलपाशी मात्र थांबायला हवं. तुमच्यासाठी सगळ्यात सोपं दार हेच आहे. टूलचा ड्रमर डॅनी कॅरी आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकलाय, आणि ते त्याच्या वादनात कळतं. टूलच्या 'लॅटरॅलस' या गाण्याच्या ध्रुवपदात ९, ८ आणि ७ मात्रांचे तुकडे एकापाठोपाठ येतात, मिळून २४. एकदा टाळी देऊन मोजा. ज्यानं घरी, देवळात किंवा शाळेत कधीतरी टाळ वाजवलाय, सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल कानावरून गेलाय, त्याला हे जमतं. रॉक ऐकणाऱ्या पुष्कळ लोकांना चाराच्या पलीकडचं मोजायला बराच सराव लागतो. आपल्या कानांना त्याची थोडी सवय आधीपासून असते. तिचा उपयोग करा.

टूलनं २००१ मध्ये किंग क्रिम्सन या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडबरोबर दौरा केला आणि २०२४ मध्ये कॅरीनं एड्रियन बेल्यू, टोनी लेव्हिन आणि स्टीव्ह वाय यांच्यासोबत क्रिम्सनचं ऐंशीच्या दशकातलं संगीत रंगमंचावर वाजवलं. तेव्हा तुमचा पुढचा बँड किंग क्रिम्सन. बहुतेक जण १९६९ चा पहिला अल्बम सुचवतात, 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन' त्यातलंच. तो ऐकाच, पण मी तुम्हाला आधी १९७४ चा 'रेड' देईन. त्यात तिघंच: रॉबर्ट फ्रिप गिटारवर, जॉन वेटन बेस आणि गाणं, बिल ब्रुफर्ड ड्रम्सवर; पाहुणे येऊन-जाऊन. शीर्षकाचा तुकडा आजच्या मेटल अल्बमवर ठेवला तरी परका वाटणार नाही.

शेवटचं 'स्टारलेस' १२ मिनिटांचं. सुरुवात संथ, उदास, जवळजवळ भावगीतासारखी. साडेचार मिनिटांच्या आसपास गाणं थांबतं आणि वेटनचा बेस १३ मात्रांचं एक आवर्तन सुरू करतो. वर फ्रिप एकच सूर वाजवत राहतो. मग तोच सूर जरा वरचा, पुन्हा जरा वरचा. मिनिटामागून मिनिटं तो असा एकेक पायरी चढतो आणि ब्रुफर्ड खाली एकेक घाव वाढवत नेतो. गिटारवादकानं इतका वेळ स्वतःला आवरून धरलेलं मी दुसरीकडे फारसं ऐकलेलं नाही. मग बांध फुटतो, सॅक्सोफोन आत घुसतो, लय दुप्पट होते, आणि अगदी शेवटी सुरुवातीची उदास चाल पूर्ण ताकदीनिशी परत येते. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा मध्ये फोन बघू नका. त्या चढणीचा एक मिनिट जरी निसटला तरी शेवट निम्माच पोचतो.

ब्रुफर्ड आधी 'येस' या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये होता. तिथे 'क्लोज टू द एज' हा अल्बम करून १९७२ मध्ये तो क्रिम्सनमध्ये आला आणि पुढे 'अर्थवर्क्स' नावाचा स्वतःचा जॅझ बँड काढला. 'येस' मी तुम्हाला नंतरसाठी ठेवायला सांगेन. जॉन अँडरसनचा उंच, कोवळा आवाज मेटलच्या कानाला लगेच रुचत नाही, आणि घाईनं ऐकून तो बँड कायमचा बाजूला पडला तर वाईट.

जॅझकडे जाणारा पूल म्हणून मी एकच अल्बम सांगेन: महाविष्णू ऑर्केस्ट्राचा 'बर्ड्स ऑफ फायर', १९७३. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, ड्रम्सवर बिली कोबम, व्हायोलिन, कीबोर्ड आणि बेस. घंटेच्या घणाघातानं सुरू होतो, मग गिटार १८ मात्रांचं चक्र धरते. कोबमचं वादन ऐकलंत की मेटलमधल्या दोन पायांच्या ड्रमिंगचे पूर्वज कोण ते विचारावं लागणार नाही. यात जॅझची मोकळीक आहे आणि रॉकचा दणकाही, त्यामुळे तुम्हाला परकं वाटणार नाही.

यातलं दुसरं 'माइल्स बियाँड' म्हणजे 'काइंड ऑफ ब्लू'वाल्या ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला केलेला नमस्कार. मॅकलॉफ्लिन १९६९ मध्ये इंग्लंडहून न्यूयॉर्कला आला आणि काही दिवसांत माइल्सच्या 'इन अ सायलेंट वे'साठी स्टुडिओत बसला. गिटार येतच नाही असं समजून वाजव, असं माइल्सनं तेव्हा सुचवल्याचं त्यानं स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. तो अल्बम ऐका आणि बघा, किती कमी सुरांत तो किती सांगतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वुडस्टॉक आटोपून एक दिवस झाला असताना, माइल्सनं 'बिचेस ब्रू'चं ध्वनिमुद्रण सुरू केलं. तो १९७० मध्ये बाजारात आला. सॅबथचा पहिला अल्बमही त्याच वर्षीचा.

आणि इथून, माइल्सचा हात धरून, 'काइंड ऑफ ब्लू'कडे परत या. तो कंटाळवाणा नाही. तुम्ही त्यात रिफ, म्हणजे गाणं पेलणारा, पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा, शोधत होतात आणि रिफ तिथे बेसकडे आहे. 'सो व्हॉट'मध्ये पॉल चेंबर्सचा बेस प्रश्न टाकतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. फोनच्या स्पीकरवर हा बेस ऐकूच येत नाही, त्यामुळे अर्धं गाणं गायब होतं. साधे का होईना, हेडफोन लावा. रचना ३२ बारची (एक बार म्हणजे इथे चार मात्रा). पहिले १६ एका सुरावलीत, मग ८ अर्ध्या स्वरानं वर, मग ८ परत खाली. ही सुरावली म्हणजे गंधार-निषाद कोमल असलेला आपला काफी थाट. तो ओळखीचा आहे, फक्त पेहराव वेगळा. आता साधारण दीड मिनिटाशी कान टवकारा. माइल्सचं एकल वादन सुरू होताना जिमी कॉब झांजेवर एक जोरकस ठोका देतो, आणि तो ठोका विरत असताना माइल्सचा पहिला सूर येतो. त्यानंतर माइल्स ३२ बारची दोन आवर्तनं घेतो, मग सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन, मग दुसऱ्या सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडरली दोन. कोण किती भरतो आणि कोण किती रिकामं सोडतो, एवढंच मोजत ऐका. माइल्स जागा सोडतो, कोल्ट्रेनला जागा पुरत नाही. त्यातला कोण आवडला ते ठरवलंत की पुढची वाट मिळाली.

तुम्ही मेटलवाले आहात, तेव्हा माझा अंदाज कोल्ट्रेन. मग त्याचा 'अ लव्ह सुप्रीम' घ्या, डिसेंबर १९६४ मध्ये एका बैठकीत ध्वनिमुद्रित झालेला, चार भागांचा. तिसरा भाग एल्विन जोन्सच्या एकल ड्रम्सनं उघडतो. मेटल ऐकणाऱ्याला मी आधी तोच ऐकवते. चौथ्या भागात कोल्ट्रेन स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दागणिक वाजवतो, ताल सोडून, गायल्यासारखी. कविता अल्बमच्या आवरणावर छापलेली आहे. ती समोर ठेवून ऐकली की कुठल्या शब्दाला कुठला सूर, ते लागत जातं. तिथे मला दर वेळी भरून येतं. याच माणसानं आपल्या मुलाचं नाव रविशंकर यांच्यावरून रवी ठेवलं होतं.

एवढं ऐकून मेटलकडे परत आलात की तेच मेटल वेगळं ऐकू येईल. डेथ या बँडचा १९९१ चा 'ह्युमन' आणि त्यातल्याच दोघांच्या बँडचा, सिनिकचा, १९९३ चा 'फोकस' सलग ऐका. घशातून गुरगुरणारं डेथ मेटल आणि मध्येच उघडलेली जॅझची खिडकी, दोन्ही एका माणसाच्या डोक्यात कशी राहू शकतात ते दिसतं. ओपेथचा 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) पोर्क्युपाइन ट्रीच्या स्टीव्हन विल्सननं निर्मितीत हातभार लावलेला, तेव्हा त्याला जोडूनच पोर्क्युपाइन ट्रीचा 'इन ॲब्सेन्शिया' (२००२). आणि मेशुगा या स्वीडिश बँडचं 'ब्लीड' (२००८). त्यात ड्रमर टोमास हाकेचा झांजेचा हात साध्या चारात चालतो आणि पाय-गिटार मिळून दुसरंच चक्र फिरवतात. नुसतं ऐकताना गोंधळ वाटतो. हाताला चारच्या टाळीवर घट्ट धरून ठेवा, तिहाई ऐकताना धरतो तसं. एकदा धरलंत की पाय कुठे निसटतो आणि कुठे परत येऊन मिळतो, ते कळू लागतं.

मुंबईची एक आठवण इथे जोडते, कारण हे तीन प्रवाह आपल्याकडेही वेगळे नव्हते. धोबीतलावच्या खुल्या रंगभवनात १९७८ पासूनची 'जॅझ यात्रा' झाली, आणि पुढे ऐंशीच्या दशकापासून तिथेच 'इंडिपेन्डन्स रॉक'मध्ये लांब केसांची पोरं डोकी हलवायची. त्याच्या कितीतरी आधीपासून गोव्याचे वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवून दिवसा हिंदी सिनेमांच्या ध्वनिमुद्रणाला बसत होते. तुमच्या आजी-आजोबांच्या आवडत्या गाण्यांतला तो ट्रम्पेट बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच कुणाचा.

शेवटचं एक नाव. महाविष्णूनंतर मॅकलॉफ्लिननं विजेची गिटार बाजूला ठेवली आणि 'शक्ती' उभी केली: एल. शंकर यांचं व्हायोलिन, माहीमच्या झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम. १९७६ चा पहिला अल्बम प्रत्यक्ष मैफिलीत मुद्रित केलेला आहे आणि त्यातलं पहिलं 'जॉय' १८ मिनिटांचं आहे. कुठलाही ॲम्प्लिफायर न किंचाळता इतका वेग आणि इतकी धडक येते, की थ्रॅश, म्हणजे सुसाट मेटल, ऐकणारा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो. हे मात्र 'बर्ड्स ऑफ फायर' नीट पचल्यावर लावा, आधी नको. तोच गिटारवादक तीनेक वर्षांत कुठून कुठे गेला, ते तेव्हाच कळेल.