बोइंग ७३७ मॅक्सने जायची भीती वाटते, तिकीट बदलू का?

मी तरी नाही बदलणार. २०१८ ला लायन एअरचं, २०१९ ला इथियोपियन एअरलाइन्सचं मॅक्स कोसळलं, मिळून ३४६ माणसं गेली आणि कारण काय तर एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर दोनपैकी एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबत राहिलं, पायलटना त्याबद्दल आधी धड सांगितलंही नव्हतं, संताप येतो तो याचा. आता ते दोन्ही सेन्सर बघतं, सिम्युलेटर ट्रेनिंगही कम्पल्सरी झालंय. अपघातांनंतर बंद केलेलं मॅक्स पुन्हा उडवायला डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, २०२१ मध्ये परवानगी दिली.

पण २०२४ च्या जानेवारीत अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ चं दाराच्या जागी बसवलेलं पॅनल हवेत उडालं, बोल्टच लावले नव्हते! म्हणजे शंका घ्यायचीच तर कारखान्यातल्या कामावर घ्या. आणि हो, अकासाचं तिकीट असेल तर फ्लाइट बदलून काही फायदा नाही, त्यांची सगळी विमानं मॅक्सच आहेत.