भारत हरला की दोन-दोन दिवस घरात कुणाशी धड बोलवत नाही. क्रिकेट बघणं सोडूनच द्यावं का?

तुमच्या प्रश्नातली एक ओळ मी दोनदा वाचली. "मी दारू पीत नाही, पैसे लावत नाही, फक्त मॅच बघतो, तरी बायको म्हणते तुला घरापेक्षा क्रिकेट मोठं." पुढे तुम्ही हेही लिहिलंय की मुलगा आठ महिन्यांचा आहे आणि आपण हरलो की त्याला उचलून घ्यायचीसुद्धा इच्छा होत नाही.

आधी उत्तर सांगून टाकतो. सोडू नका. माझ्या ऑफिसातल्या एकाने 'घरच्यांसाठी' क्रिकेट सोडलं आणि गेली चार वर्षं तो घरच्यांना रोज त्याची आठवण करून देतोय. त्यापेक्षा मॅच बघणारा परवडला.

मी ४४ वर्षांचा, मूळचा इचलकरंजीचा, आता चिंचवडला. १५ नोव्हेंबर २०२३ ही तारीख तुम्हाला पाठ असेलच. वानखेडे, न्यूझीलंड, वर्ल्डकपची सेमीफायनल, कोहलीचं पन्नासावं शतक, शमीच्या सात विकेट. त्या दिवशी भाऊबीज होती, हे मात्र विचारल्याशिवाय कुणाला आठवत नाही. माझी बहीण साताऱ्याहून भाच्याला घेऊन एसटीने आली होती. संध्याकाळी लगेच परत निघायचं होतं म्हणून तिने पाचच्या सुमाराला पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. कोहली नव्वदीत. मी म्हटलं, "एवढी ओव्हर होऊ दे." ती झाली. मग पुढची. शतक झालं, त्याने गॅलरीतल्या सचिनकडे बघून वाकून नमस्कार केला, माझ्या डोळ्यांत पाणी. आईने निरांजनात दुसऱ्यांदा तूप घातलं. शेवटी मी पाटावर बसलो, पण टीव्हीकडे तोंड करून. अय्यर सुटला होता. बहीण ओवाळताना तबक मधे यायचं, तसा मी मान तिरकी करायचो.

भाच्याने मोबाईलवर फोटो काढला, तो अजून आमच्या ग्रुपवर आहे. बहीण माझ्याकडे बघतेय, मी तिच्या कानाच्या बाजूने कुठेतरी लांब बघतोय, आणि चेहऱ्यावर टीव्हीचा निळा उजेड.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण ती निघाली तेव्हा आपला डाव संपला होता, ३९७ वर ४. ब्रेक होता. एकही चेंडू पडणार नव्हता. स्टँडपर्यंत स्कूटरवर दहा मिनिटं. मी सोफ्यावर बसून, तासाभरापूर्वी डोळ्यांनी बघितलेलं शतक हायलाइट्समध्ये परत बघत होतो आणि तिथूनच ओरडलो, "पोचलीस की फोन कर गं!" ती पोराला आणि पिशव्या घेऊन रिक्षाने गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी अहमदाबाद, ऑस्ट्रेलियाविरुद्ध फायनल. दहा मॅच ओळीने जिंकून फायनलला आलेलो आपण. त्यांच्या हेडने मागे पळत जाऊन रोहितचा झेल घेतला आणि पहिल्या दहा ओव्हरनंतर उरलेल्या चाळीस ओव्हरमध्ये आपल्याकडून फक्त चार चौकार. २४० ऑल आउट, मग हेडचे १३७. त्या रात्री मी जेवलो नाही. सोमवारी ऑफिसला गेलो, आलो, खोलीत जाऊन पडलो. मंगळवारी तेच.

बुधवारी बायकोला मुलीच्या दप्तरात शाळेच्या सहलीचा फॉर्म सापडला. पालकांची सही हवी होती. शेवटची तारीख मंगळवार, म्हणजे उलटून गेलेली. मुलगी तेव्हा तिसरीत. फॉर्म शनिवारीच मिळाला होता. बायकोने विचारलं, दाखवला का नाहीस? ती म्हणाली, "मॅच जिंकल्यावर दाखवणार होते. जिंकले की बाबा लगेच सही करतात."

आता ह्यातली मला लागलेली गोष्ट वेगळीच होती. ही पोरगी वर्षभर मला येता-जाता विचारायची, "बाबा, कोण जिंकतंय?" मी ऑफिसात अभिमानाने सांगायचो की आमच्याकडे पुढची पिढी तयार होतेय, तिसरीतली पोर स्कोअर विचारते! तिला क्रिकेटशी काही घेणं नव्हतं. कोळी समुद्रात होडी घालण्याआधी आभाळाकडे बघतो, तशी ती बघत होती.

(सहल चुकली नाही. बायकोने बाईंना फोन केला, त्यांनी फॉर्म घेतला.)

म्हणून तुमच्या बायकोच्या त्या वाक्याचा मी लावलेला अर्थ सांगतो. चुकत असेन तर सोडून द्या. तुम्ही वनडेचे आठ तास बसता ह्याबद्दल तिची तक्रार फार नसावी. बसण्याचं तिने लग्नाआधीच गृहीत धरलं असेल. तिला छळतं ते मॅच संपल्यानंतरचं तुमचं तोंड. मॅच तुम्ही बघता, हार मात्र घरभर वाटली जाते, आणि वाटणीत ज्यांना काही नको होतं त्यांच्या ताटातही पडते. बरं, आपण जिंकतो तेव्हा तरी तो आनंद घरच्यांच्या वाट्याला येतो का? मी तरी जिंकल्यावर पहिला फोन मित्राला करायचो.

हे माझ्यात आलं कुठून ते मला माहीत आहे. वडील यंत्रमागावर जॉबर होते, कडक शिस्तीचे, पण मॅचच्या बाबतीत ठार अंधश्रद्ध. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, श्रीलंकेविरुद्ध वर्ल्डकपची सेमीफायनल. ९८ वर १, सचिन ६५ वर खेळतोय, आणि आई आम्हाला विचारायला बाहेर आली की ताटं घेऊ का. त्याच क्षणी सचिन यष्टिचीत. पुढे २२ धावांत सात गेले, १२० वर ८, लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, मॅच रेफरी क्लाइव्ह लॉइडने मॅच श्रीलंकेला देऊन टाकली. कोलकात्यात एक लाख माणसं चिडली होती, आमच्या घरात सगळा राग एकट्या आईवर निघाला. "तुझा पायगुणच असला." त्यानंतर मॅच असली की आई स्वयंपाकघरात. आम्ही पोरंही हसत हसत म्हणायचो, "आई, बाहेर येऊ नकोस हं!"

२ एप्रिल २०११ ला, वर्ल्डकप फायनलच्या दिवशी, घर माझं होतं, टीव्ही माझा होता, तिला आत बस असं कुणी म्हटलं नव्हतं. ती आपणहून आत बसली. तिला बाहेर बोलवावं हे मला सुचलंही नाही. धोनीने सिक्स मारला, खाली फटाके सुरू झाले, तेव्हा पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली आणि म्हणाली, "झालं ना? येऊ का आता?" गंमत म्हणून ही गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली आहे. २०२३ नंतर सांगवत नाही.

कुणीतरी तुम्हाला सचिनचं उदाहरण देईल. १९९९ च्या वर्ल्डकपमध्ये त्याचे वडील गेले आणि तो परत जाऊन केनियाविरुद्ध नाबाद १४० करून आला, म्हणजे देश आधी, घर नंतर. पण त्या गोष्टीचा मधला भाग लोक गाळतात. बातमी कळल्यावर तो आधी घरी आला. मधली झिम्बाब्वेची मॅच खेळला नाही आणि ती आपण ३ धावांनी हरलो. परत जा असं त्याला आईनेच सांगितलं होतं. अश्विन घ्या. फेब्रुवारी २०२४, राजकोट, कसोटीतली पाचशेवी विकेट घेतली आणि त्याच रात्री घरच्या आजारपणासाठी मॅच अर्धवट सोडून चेन्नईला निघाला. रोहित दुसऱ्या बाळाच्या वेळी पर्थची कसोटी खेळला नाही. कॅप्टन असून. ती कसोटी आपण २९५ धावांनी जिंकलो. रोहितवाचून अडलं नाही, तिथे माझ्यावाचून काय अडणार होतं? त्यांची ती नोकरी आहे. मला कुठल्या निवड समितीने सोफ्यावर बसवलंय?

आता मी काय करतो ते. फार काही नाही, पण दोन वर्षं टिकलंय. कालनिर्णयवर आधी घरचं सगळं पेनाने लिहितो: सण, वाढदिवस, पालकसभा, आईची डॉक्टरची तारीख. मग मॅच, पेन्सिलीने. आयपीएल अख्खी बघणं बंद. ७४ मॅच, एकेक साडेतीन तासांची, म्हणजे अडीचशे तासांच्या वर. आठ तासांच्या ड्युटीचा महिना भरतो. बिनपगारी. त्यातल्या आठ-दहा निवडतो. आणि मोठी मॅच असली की आदल्या दिवशी तोंडाने सांगतो: उद्या दोन ते दहा मी नाही, दळण, भाजी, काय असेल ते सकाळीच आणून टाकतो. त्या बदल्यात महिन्यातला एक रविवार बायकोचा, ती कुठे जाते हे मी विचारत नाही. हा सरळ व्यवहार आहे आणि सरळ व्यवहारात कुणी कुणाला टोमणे मारत नाही. निदान कमी मारतं.

हरल्यावर मात्र एकच गोष्ट लगेच करायची: फोन लांब ठेवायचा. मी फ्रिजवर ठेवतो. हरल्याचं खरं दुःख अर्ध्या तासाचं असतं, दोन दिवसांचं ते व्हॉट्सअॅप आणि यूट्यूबवरची चिरफाड करते. तुमच्याकडे तर आयता उपाय आहे. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी पोराचं तेल-मालीश आणि अंघोळ तुम्ही करा. तेल लावलेलं आठ महिन्यांचं मूल हातातून असं निसटतं की त्या वेळी दुसरं काही डोक्यात ठेवायची सोयच नसते.

लगेच माणूस सुधारतो असं समजू नका. ३ नोव्हेंबर २०२४, परत भाऊबीज, परत वानखेडे, परत न्यूझीलंड! कसोटी जिंकायला १४७ करायचे होते. ह्या वेळी मी साताऱ्याला चाललो होतो, गाडी चालवत, फोन मागे मुलीकडे. शिरवळच्या पुढे ती म्हणाली, "बाबा, १२१ ला सगळे आउट." घरच्या मैदानावर मालिका ३-० ने गेली. पाटावर बसलो तेव्हा डोक्यात पंतची ती रिव्ह्यूवर दिलेली विकेटच फिरत होती, खोटं कशाला बोलू. बहीण कुंकू लावता लावता म्हणाली, "हरले वाटतं." मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "आज माझ्याकडे बघतोयस ना, मग तोंड दिसतंय तुझं."

मग महिलांच्या वर्ल्डकपची फायनल झाली, २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर. पावसामुळे उशिरा सुरू झाली, आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत, आई सोफ्यावर मधोमध. तिने असं बसून पूर्ण मॅच बघायची ही पहिलीच वेळ. शेफालीचे ८७ तिला फार आवडले. नंतर दक्षिण आफ्रिकेची ती वूलवार्ट शंभर करून हटायचं नाव घेईना, तेव्हा आई उठली. म्हणाली, "मी जाते आत. माझ्यामुळे विकेट पडते ना, बघू आता ह्यांची पडते का." ती आत गेली आणि बाहेर अमनजोतच्या हातात तो झेल एकदा उडाला, दोनदा उडाला आणि राहिला.

मुलगी किंचाळली, "आजी, आतच थांब! येऊ नकोस बाहेर!"

मी उठलो, आत जाऊन आईला हाताला धरून घेऊन आलो आणि परत सोफ्यावर बसवलं. उरलेल्या विकेटी ती तिथे बसलेली असतानाच पडल्या. शेवटचा हरमनप्रीतचा झेल मात्र तिचा हुकला. बारा वाजत आले होते, बसल्या जागी तिचा डोळा लागला होता.