यूव्ही दिल्यावर प्लेट उजेडात ठेवू नकोस

अगं, जळगावच्या एप्रिलात ई. कोलाय या जिवाणूवर यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, प्रयोग लावते आहेस, म्हणून आधीच सांगते. दिव्याखाली जिवाणूंची प्लेट ठेवताना झाकण काढ. २५४ नॅनोमीटरचे किरण त्या प्लास्टिकमधून जात नाहीत. आणि दिवा बंद केला की लगेच प्लेट काळ्या कागदात गुंडाळ. मी पहिल्या वर्षी प्लेटा तासभर खिडकीशी ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वसाहतीच वसाहती! दिवाच खराब आहे असं समजून तीन दिवस घालवले.

दिवा ठीक होता. यूव्हीमुळे डीएनएच्या साखळीतले शेजारचे दोन थायमीन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात आणि डीएनएची नक्कल तिथे अडते. जिवाणूतलं फोटोलायेज हे एन्झाइम निळा उजेड मिळाला की ती गाठ थेट सोडवतं. ना कापाकापी, ना नवा तुकडा. मला हे आजही फार सुंदर वाटतं. यावर काम करणाऱ्या अझीझ संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, लिंडाल आणि मॉड्रिच यांच्यासोबत, डीएनए दुरुस्तीसाठीच.

माणसाकडे हे एन्झाइम नाही. भर उन्हात केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईच्या कातडीतल्या पेशी बिघडलेल्या जागेभोवतीचा सुमारे ३० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या कड्यांचा, तुकडा कापून टाकतात आणि समोरचा धागा पाहून तो नव्याने भरतात. ई. कोलायसुद्धा अंधारात असाच १२-१३ चा तुकडा कापतो. तेव्हा गुंडाळलेल्या प्लेटवर काही वसाहती आल्या तर घाबरू नकोस.

तुलनेला तेवढाच डोस दिलेली एक प्लेट ट्यूबलाइटखाली ठेव. उन्हात नको, आपल्याकडच्या उन्हात ती शिजेल. दोन्ही मोज आणि मला दाखव.