उन्हात पसरलेली कॅनपी : रिगरला (पॅराशूट तपासून दुरुस्त करणाऱ्याला) विचारलेले प्रश्न

प्रश्न : उतरल्यावर मी कॅनपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, मैदानातच पसरून सावकाश पॅक करतो. एवढ्याशा उन्हाने नायलॉनला खरंच काही होतं का?

होतं, आणि झालेलं परत भरून येत नाही. उन्हातले अतिनील किरण, म्हणजे साधारण 290 ते 400 नॅनोमीटरचे, नायलॉनच्या लांबलचक साखळ्या तोडतात आणि पुढचं काम हवेतला ऑक्सिजन करतो. साखळ्या आखूड झाल्या की धागा ठिसूळ होतो. कापड मात्र बराच काळ पहिल्यासारखंच दिसतं.

एकदा हिशेब मांडून बघा. एका उडीत कॅनपी हवेत फार तर 5 मिनिटं उघडी असते आणि पॅकिंगला उन्हात 20 मिनिटं जातात. 200 उड्यांनंतर हवेतले 17 तासही भरत नाहीत, जमिनीवरचे मात्र 66 तासांच्या वर जातात. कापड झिजतं ते उडताना कमी आणि तुम्ही गप्पा मारत गुडघ्यावर बसलेले असताना जास्त. त्यामुळे उतरल्यावर कॅनपी गोळा करून आधी सावलीत न्या, गप्पा तिथे मारा. ढग आले म्हणून सूट घेऊ नका, विरळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतात. उंचावर दर 1000 मीटरला त्यांचा जोर सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो. ताज्या बर्फावर तर 80 टक्क्यांपर्यंत किरण उलटून कापडाला खालूनही लागतात.

पॅराग्लायडरवाल्यांचा हिशेब वेगळा. त्यांचं पंख तासन्‌तास हवेतच तापतं, म्हणून त्यांनी उड्डाणाचे तासही मोजावेत. पण टेकऑफवर वाऱ्याची वाट बघत दोन तास पंख पसरून ठेवणारे मी पाहिले आहेत. ते तास कोणाच्याच लॉगबुकात नसतात.

प्रश्न : माझ्या कॅनपीचा केशरी रंग उडालाय. ताकदही गेली असं समजायचं का?

नाही, पण संशय जरूर घ्या. रंग आणि धागा वेगवेगळ्या वेगाने मरतात. फ्लुरोसंट रंग फार लवकर उडतात, तेव्हा खालचं कापड कदाचित ठणठणीत असेल. उलट, रंग टिकला म्हणून धागा टिकला असंही नाही.

रंगाचा उपयोग खुणेसारखा करा. शिवणीपाशी कापड दुमडलेलं असतं. ती घडी नखाने हलकेच उचला आणि आतला रंग बाहेरच्याशी ताडून बघा. आतला भाग नव्यासारखा आणि बाहेरचा धुवट दिसला तर तिथे ऊन किती लागलंय ते कळतं. एकदा माझ्याकडे आलेल्या कॅनपीवर हातभर रुंदीचा एकच सरळ फिका पट्टा होता, बाकी रंग झळझळीत. मालकाला कारण सुचेना. मग आठवलं : ती महिनाभर खिडकीखाली घडी करून ठेवली होती, आणि वर आलेली घडी तेवढी भाजली होती.

प्रश्न : मग ताकद तपासायची कशी? तोंडाने फुंकून पाहिलं, हवा आरपार जात नाही.

फुंकण्याने कळते ती पोरॉसिटी, म्हणजे कापडातून हवा किती आरपार जाते ते. ताकद ही निराळी गोष्ट. सिलिकॉनचा लेप शाबूत आणि आतला धागा कमजोर, असं होऊ शकतं. लेप घासून गेलेला आणि धागा दमदार, असंही होतं.

ताकदीसाठी रिगर कापडाला दोन रुंद, मऊ जबड्यांचे क्लॅम्प लावतो आणि स्प्रिंगच्या काट्याने ठरलेल्या वजनापर्यंत ओढून काही सेकंद धरतो. एकदा उभ्या धाग्यांच्या दिशेने, एकदा आडव्या. किती ओढायचं ते उत्पादकाच्या मॅन्युअलात असतं, अंदाजाने ओढू नका. चांगलं कापड हा ताण सहज झेलतं आणि फाटलंच तर ते हवेत जायच्या लायकीचं नव्हतंच. जागा निवडताना सगळ्यात फिका भाग आणि वरच्या पृष्ठभागाचा मधला भाग सोडू नका. पॅराग्लायडरच्या कापडासाठी बेट्सोमीटर असतं : कापडात सुई खुपसून स्प्रिंगने ओढतात आणि 600 ग्रॅमपर्यंत भोक फाटत जाता कामा नये, हा रुळलेला निकष आहे.

बोटांनी चिमटीत धरून फाडून बघू नका. त्यातून कळत काहीच नाही, आणि चांगल्या कापडाला उगाच इजा होते.

प्रश्न : भिजलेली कॅनपी तासभर उन्हात वाळवली तर?

सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांगा. वेळ जास्त लागेल, लागू दे.

प्रश्न : गाडीत, काचेमागे ठेवली तर सुरक्षित ना?

साधी काच लहान तरंगलांबीचे अतिनील किरण अडवते, लांब तरंगलांबीचे बरेचसे आत सोडते. शिवाय बंद गाडीतल्या उष्णतेने दोऱ्या बांधायचे रबरबँड आधी मरतात. डिकीत, पिशवीत ठेवा, तीही सावलीत लावलेल्या गाडीच्या.

प्रश्न : रिझर्व्ह (आणीबाणीचा पॅराशूट) कधीच उघडलेला नाही. त्यालाही उन्हाची भीती?

बंद कंटेनरमधल्या (पाठीवरच्या पिशवीतल्या) कापडाला ऊन जवळजवळ लागत नाही. पण न लागलेलं ऊन म्हणजे न होणारं नुकसान नव्हे. 1980च्या दशकात काही गोल रिझर्व्हच्या जाळीत आम्लाचा अंश निघाला आणि शेजारचं कापड पॅक केलेल्या अवस्थेतच कमजोर झालं. तेव्हा ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंग बदलणाऱ्या द्रावणाने आम्ल तपासत आणि क्लॅम्प लावून ताकद. म्हणून जुन्या गोल रिझर्व्हची तारीख आणि मॉडेल रिगरला आधी सांगा.

उन्हाचं म्हणाल तर कंटेनरच्या बाहेरच्या गोष्टी बघा : क्लोजिंग लूप (कंटेनर बंद ठेवणारी दोरीची कडी), हार्नेसच्या (अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या) वरच्या बाजूचे टाके, पायलट शूटचं (कॅनपी बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटचं) बाहेर डोकावणारं हँडल. केव्हलारचं (मजबूत कृत्रिम धाग्याचं) काही असेल तर जास्तच, कारण ऊन नायलॉनपेक्षाही त्याला लवकर खातं आणि त्याचा पिवळा रंग तपकिरीकडे झुकू लागतो.